शालनकाकींचं विरजण

समृद्धीच्या दोन्ही कुंड्यांतली मटकी हिरवीगार उगवली आणि तिथेच तिचा प्रयोग बोंबलला.

नववीच्या वर्गाला शलाकाबाई जीवशास्त्राचा पहिला धडा असा शिकवायच्या. दोन कुंड्या घ्या. माती एकच, बी एकच, पाणी सारखंच. एक कुंडी खिडकीत ठेवा, दुसरी कपाटात. बदलायची ती एकच गोष्ट, ऊन. बाकी सगळं जसंच्या तसं. मग जो फरक दिसेल तो उन्हाचा, दुसऱ्या कशाचा नाही. कपाटातली मटकी पिवळी, लांबुडकी आणि मान टाकलेली यायला हवी, आणि सगळ्या पोरांची तशी आलीही होती. समृद्धीची मात्र कुठली खिडकीतली नि कुठली कपाटातली, ओळखू येईना.

"ही कपाटात होती का गं?"

"होती बाई."

"सगळा वेळ?"

पोरगी नखं कुरतडायला लागली. "मधल्या सुट्टीत जरा बाहेर काढत होते. ती एकटीच अंधारात ना. मला कसंतरीच व्हायचं."

वर्ग खदाखदा हसला. शलाकालाही हसू आलं, पण धडा तर पुरा करायचा होता. ती म्हणाली, "हे बघ, ज्या कुंडीला काहीच मिळत नाही ना, तीच आपल्याला खरं काय ते सांगते. तिच्यावर दया केलीस की ती मुकी झाली."

वाक्य झकास जमलं होतं. शलाकाला स्वतःची वाक्यं आवडायची; मास्तरकीत ही खोड लागतेच. पोरांनी ते लिहून घेतलं, आणि मग सगळी शाळेच्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाभोवती दह्याचा थेंब बघायला गोळा झाली. त्या थेंबात बारीक काड्यांसारखे जंतू शेजारी शेजारी पडलेले दिसतात. "ई, हे आपण खातो?" असं दर वर्षी कुणीतरी ओरडतंच, तसं याही वर्षी ओरडलं.

शाळा पहाटेच भरायची आणि ऊन चढायच्या आत सुटायची. पांगरटेक माणदेशातलं, माळावरचं गाव. अलीकडे तिथला उन्हाळा असा झाला होता की ग्रामपंचायतीवरचा उन्हाचा भोंगा वाजला की रस्त्यावर कुत्रं दिसत नसे. पण माळावर मैलोगणती सौरपट्ट्या पसरल्या होत्या, आणि त्यांच्यावर बसलेली धूळ पुसायला माणसंच लागत. यंत्रं आणली होती, पण ती धुळीनं अडकून पडायची. माणूस अडकत नाही. गावातले सगळे तरणे गडी तिथे कामाला होते. दिवसभर घाम गाळायचा, प्यायला पाणी बेताचं, रक्त दाट होतं आणि किडनीची बारीक चाळणी हळूहळू झिजते. दुखत नाही, खुपत नाही. पाय सुजायला लागतात तेव्हा कळतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

शलाकाच्या धाकट्या भावाला, धैर्यशीलला, असंच कळलं. त्याची मुलगी अजून दुडुदुडु चालत होती. आईवडील केव्हाच गेलेले, शलाकानं लग्न केलं नव्हतं, तेव्हा भाऊ, भावजय सारिका आणि ती पोर, हाच तिचा सगळा संसार. धैर्यशील दर एका दिवसाआड साताऱ्याला जाऊन यंत्रावर रक्त धुऊन यायचा आणि आला की दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. सगळ्यांत मोठा जाच पाण्याचा. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून डॉक्टरनं पाणी मोजून दिलं होतं. एक छोटं फुलपात्र. ते माठाशेजारी पालथं ठेवलेलं असायचं, आणि असल्या उन्हाळ्यात तो तेवढ्यावर दिवस काढायचा.

"आक्का," तो म्हणायचा, "तू इज्ञान शिकवतीस न्हवं? मग मला एवढं सांग, उंट कसा करत असंल?"

"गप पड," शलाका म्हणायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

अशात डॉक्टर सबनीस गावात आले. पुण्याच्या एका औषध कंपनीतले, साधे, जरा विसरभोळे गृहस्थ. शाळेच्या सभागृहात गाव जमलं. त्यांनी बरोबर आणलेलं गाडगं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे औषध आहे."

"हे तर दही हाय," मागून शालनकाकी म्हणाल्या. शालनकाकी शलाकाच्या शेजारच्या. त्यांचे तात्याही साताऱ्याच्या फेऱ्या करत होते.

"दहीच आहे," सबनीस हसले. "किडनीनं काम सोडलं की घाण रक्तात साठते. पण सगळीच रक्तात राहत नाही, थोडी आतड्यात झिरपत असते. आम्ही दह्यातला एक जंतू घेतला, त्याच्या जनुकांत बदल केला आणि त्याला ही घाण खायला शिकवलं. तो आतड्यात बसून खात राहतो, तशी रक्तातली घाण आणखी झिरपत राहते, आणि तिच्याबरोबर जादा पाणीही. यंत्राचं निम्मंअधिक काम वाटीभर दही करतं. निदान आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या बाबतीत तरी केलं."

हा जंतू मोकाट सुटला तर काय, असं कुणी विचारायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं. जंतूच्या गळ्यात दावं बांधलेलं होतं. त्याला जगायला एक पदार्थ लागतो, आणि तो निसर्गात कुठेच मिळत नाही, फक्त कंपनीच्या कारखान्यात बनतो. त्याची पुडी दुधात घालून मग विरजण लावायचं. पुडी मिळाली तर हा जंतू साध्या दह्यातल्या जंतूंना मागे टाकून सगळं गाडगं व्यापतो. पुडी बंद केली की काही दिवसांतच मरतो.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं ऐकून गाव बिथरलं. निम्म्या आजारी घरांना हे विरजण मिळणार होतं, निम्म्यांना साधं. रंग तोच, चव तीच, आणि पुडीही दोघांना तीच, म्हणजे कुणाला संशय नको. कुठल्या घरी कुठलं, हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकून ठरवणार. ते सबनीसांना कळणार नाही, आणि गावातून देखरेख करणाऱ्या शलाकाबाईंनाही नाही.

"म्हंजी निम्म्यांना फसवायचं!" शालनकाकी उठून उभ्या राहिल्या. "आमच्या तात्यास्नी साधं दही चारून तुम्ही बघत बसणार?"

सबनीस गडबडले. तेव्हा शलाका उठली. तिनं दोन कुंड्यांची गोष्ट सांगितली. सगळ्यांनाच खरं दही दिलं आणि सगळे बरे झाले, तर दह्यानं झाले की यंदा ऊन कमी म्हणून झाले, की नुसत्या आशेनं झाले, कसं कळणार? कळलं नाही तर औषधावर शिक्का बसणार नाही आणि ते कुठल्याच गावाला मिळणार नाही. कळलं तर आपल्यासकट सगळ्या माळाला कायमचं मिळेल. "माझा धैर्यशीलही चिठ्ठीत आहे, काकी. त्याला साधं आलं तर साधं. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

बाईंचा शब्द गावात चालायचा. गाव तयार झालं. सबनीसांनी एकच अट घातली, की आपल्या घरचं दही दुसऱ्या घरी कुणाला खायला द्यायचं नाही, अगदी पाहुण्यालाही नाही. सिद्धनाथाची आण घेऊन गावानं ती मान्य केली, आणि सांगायला हवं, की ती आण पांगरटेकात एकानंही मोडली नाही.

पुढचा उन्हाळा सरता सरता धैर्यशीलच्या पायाची सूज ओसरली. मग भूक लागायला लागली. दिवाळीच्या सुमाराला साताऱ्याच्या फेऱ्या निम्म्या झाल्या, आणि संक्रांतीनंतर तिथल्या डॉक्टरनं रिपोर्ट बघून सांगितलं, पाणी वाढवायला हरकत नाही.

त्या दिवशी धैर्यशील घरी आला, माठापाशी गेला, तांब्या बुडवला आणि उभ्याउभ्या घटाघटा प्यायला. हनुवटीवरून, गळ्यावरून पाणी शर्टात गेलं. सारिका तोंडाला पदर लावून बघत राहिली. त्यानं रिकामा तांब्या पालथा घातला, "हाऽऽ" केलं आणि म्हणाला, "आक्का, उंटाचं कोडं सुटलं बघ. त्यो सुदीक अशीच वाट बघत असतोय."

शलाका हसता हसता रडली. आपल्या चिठ्ठीत खरं दही आलं, याची तिला खात्री पटली. एक शिक्षक म्हणून अशी खात्री बाळगणं चूक होतं, पण ती बहीणही होती. शेजारी तात्याही काठी टाकून चालायला लागले होते. चांगलं होतं, म्हणजे त्यांनाही खरं दहीच आलं होतं. वरच्या आळीतला सुतार सुधारला. खालच्या आळीतले दोघं भाऊ सुधारले. शलाका घराघरांतून रक्ताचे नमुने गोळा करायची, ड्रोन येऊन ते पुण्याला न्यायचा, आणि ती खुशीत होती. मग एका दुपारी सबनीसांचा फोन आला.

"बाई, बातमी चांगली नाही. चाचणीवर नजर ठेवणाऱ्या समितीनं आकडे बघितले. कुठला गट कुठला ते मला सांगत नाहीत, पण दोन्ही गट सारखेच सुधारलेत. अगदी एकसारखे."

"मग चांगलंच की!"

"चांगलं कसं?" त्यांचा आवाज अगदी पडला होता. "साधं दही खाणारेही तेवढेच सुधारले, म्हणजे आमच्या दह्यानं काही केलंच नाही. समिती म्हणते, ऊन जरा कमी होतं, लोकांनी मीठ तोडलं, तुम्ही घरोघर जाऊन लक्ष घातलंत, त्यानं बरं वाटलं. पुढच्या बैठकीत हे सगळं गुंडाळतील."

साध्या दह्यानं साताऱ्याच्या फेऱ्या निम्म्या होत नाहीत, एवढं शलाकाला कळत होतं. मग दोन्ही कुंड्या हिरव्या कशा? ती याच विचारात घरी आली. ऊन कलायला लागलं होतं. मागच्या दारी शालनकाकी वाटी घेऊन उभ्या होत्या.

"सारिके, जरा विरजण दे गं. माझं नासलं बघ ह्या उन्हानं. दिवं लागायच्या आत दे म्हंजी झालं."

दिवे लागल्यावर घरातलं विरजण बाहेर देत नाहीत. सारिकानं चमचाभर काढून वाटीत घातलं. शलाका दारातच थांबली.

"काकी, हे काय? दही द्यायचं नाही असं ठरलंय ना?"

"दही कुठं बाई? विरजण हाय ह्ये." काकींना खरोखरच आश्चर्य वाटलं. "दही आमी कुणाला देऊ का? आण घेतलीया."

"आधीपण नेलंयत?"

"आगं, नेलंय म्हंजी काय! पयल्या उन्हाळ्यात तुमचं नासलं तवा मीच दिलं की तुमाला. माझं एकदा मांजरानं लवंडलं, तवा सुताराकडनं आणलं. ज्याचं बिघडंल त्यो नेतोय. कंपनीच्या गाडीची कोण वाट बघतंय? आणि विरजणाला न्हाई म्हनलं तर घरातली बरकत जाती."

शलाका पायरीवर बसली. सगळं गाव एकाच गाडग्यातलं दही खात होतं, आणि कुणी कुणाच्या घरचं दही खाल्लं नव्हतं. चमचाभर विरजण ही खायची वस्तूच नव्हे. ते दुधाला लावायचं असतं, ते दिल्यानं दही दिल्यासारखं कसं होईल? सबनीस शहरातले, त्यांचं दही पिशवीतून यायचं, त्यांना हे सुचणं शक्य नव्हतं. पण शलाका याच मागच्या दारात लहानाची मोठी झाली होती. आईनं लहानपणी तिलाच वाटी घेऊन पिटाळलं होतं, आणि सभागृहात उभी राहून गावाला विज्ञान शिकवताना तिला ते एकदाही आठवलं नाही.

मग एकदम दुसरा विचार आला आणि ती ताडकन उठली. म्हणजे औषध चालतं! साऱ्या गावाला मिळालं, म्हणून सारं गाव सुधारलं. तिला काकींना मिठी मारावीशी वाटली. तो आनंद चूल पेटेपर्यंत टिकला.

जेवताना तिनं घरात सगळं सांगितलं.

"वन्सं, तुमच्या पाया पडते, गप बसा," सारिका म्हणाली. "पुड्या येताहेत तोवर येऊ देत. कुणी इचारलंय का तुमाला?"

"पुढच्या बैठकीत तशाही बंद होणार आहेत. आणि मग औषध खोटं ठरेल, कायमचं. खरं सांगितलं तर निदान पुन्हा नीट तपासतील."

"नीट म्हंजी निम्म्यांना साधं?" धैर्यशीलनं विचारलं.

शलाकानं मान डोलावली.

त्यानं भाकरीचा तुकडा दह्यात बुडवला. "आक्का, तू गप बसलीस तर ह्या घरात तुझं तोंड बघवणार न्हाई. पोरं प्रयोगात खोटं लिवत्यात म्हणून कान पिळतीस तू. जा, कर फोन."

तिनं फोन केला. सबनीस इतक्या मोठ्यानं हसले की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. "विरजण! अहो, विरजण! बाई, तुम्ही औषध वाचवलंत. प्रत्येक घरचं दही तपासू. सगळीकडे आपला जंतू सापडला की सिद्धच झालं."

नमुने गेले. आपला जंतू घराघरांत सापडला. सबनीसांनी तसा अहवाल वर पाठवला, आणि वरच्यांनी तो वाचला. त्यात औषध चालतं असं लिहिलेलं त्यांना दिसलंच नाही. जनुकं बदललेला जंतू नेमून दिलेल्या घरांबाहेर पसरला, एवढंच त्यांना दिसलं. त्यासाठी वेगळा कायदा होता आणि वेगळं खातं होतं.

ती माणसं पांढरे पोशाख घालून दोन गाड्यांतून आली. घराघरांतून गाडगी बाहेर काढली, दुधाची पातेलीसुद्धा सोडली नाहीत. शाळेच्या मैदानात खड्डा केला, दही ओतलं, वरून ब्लिचिंग पावडर. पुड्या मोजून पेटीत भरल्या. शलाका अधिकाऱ्याच्या मागे मागे फिरत होती.

"अहो साहेब, पुडीशिवाय तो जगत नाही. या गावाबाहेर पुडी नाही. मग पसरलाच कुठे? दावं आहे त्याच्या गळ्यात!"

अधिकारी मध्यम वयाचा होता, उद्धटही नव्हता. "मॅडम, तुमचा मुद्दा मला पटतो. पण तो परवानगीविना घरोघर फिरला, हेही खरंच ना? उद्या दुसरं काही असंच फिरलं तर? माझ्या हातात काही नाही."

"माणसं मरतील."

"हो," तो म्हणाला, आणि पुढच्या घराकडे वळला.

शालनकाकी रिकामं गाडगं पोटाशी धरून खड्ड्याच्या काठाशी उभ्या होत्या. "बाई, तू सांगितलंस व्हय त्यास्नी?"

"हो काकी."

काकींनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या नुसत्या मान हलवत घरी गेल्या.

सबनीस शेवटचे आले ते स्वतःच्या गाडीनं. त्यांची नोकरी गेली होती. पैसे लावणाऱ्यांनी हात काढून घेतले, कंपनीनं प्रकल्प मोडला, आणि नियमाप्रमाणे पुण्यातल्या थंड पेट्यांतला जंतूही नष्ट केला. नव्यानं कोण करणार, कोण पैसे घालणार? ते शलाकाच्या ओसरीवर बसले. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही.

"चाचणी संपली की कुणाला काय मिळालं होतं ते सांगायचं असतं," ते म्हणाले. "तुमच्या घरी साधं दही होतं. पहिल्या दिवसापासून. खरं शेजारी होतं, तात्यांच्या घरी."

शलाकाला आधी कळलंच नाही. मग कळलं. धैर्यशील ज्या दह्यानं उठून उभा राहिला ते शालनकाकींच्या चमच्यातून आलं होतं. गावानं तिचं म्हणणं पुरतं ऐकलं असतं, चमचासुद्धा दिला नसता, तर तिचा भाऊ कपाटातली कुंडी झाला असता. त्यानं मान टाकली असती. तात्यांच्या शेजारी तो तसा पडलेला बघूनच समितीची खात्री पटली असती, आणि औषधावर शिक्का बसला असता. त्या प्रयोगाला त्याचं झिजणंच हवं होतं. आणि त्या दिवशी सभागृहात ते तिनं स्वतः मान्य केलं होतं, ताठ मानेनं.

"सर, आम्ही बरे झालो होतो. हे तरी कुठे लिहून ठेवा."

"काय लिहू?" सबनीस म्हणाले. "ज्यात दुसरी कुंडी नाही तो प्रयोग नव्हे, नुसती गोष्ट. तुम्हीच सांगितलं होतंत गावाला."

पुन्हा उन्हाळा आला. तात्या चैत्रातच गेले. मग सुतार गेला. साताऱ्याच्या फेऱ्या पुन्हा एका दिवसाआड झाल्या, आणि धैर्यशील पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. बाजूला पडलेलं फुलपात्र पुन्हा माठापाशी आलं.

पण गावातलं विरजण काही थांबेना. खड्ड्यात सगळं ओतलं गेलं तरी कुणीतरी वाटीभर लपवलं होतं म्हणे, आणि ते फिरायला लागलं. कुणाच्या तरी घरचं अजून जिवंत असेल, एवढी आशा सगळ्यांना होती. सुरुवातीला बाया शाळेत येत. "बाई, तुमच्या दुर्बिणीतनं बघा की जरा." शलाका थेंब काचेवर घ्यायची, बघायची. बारीक काड्यांसारखे जंतू, जिवंत, शेजारी शेजारी पडलेले, जगातल्या कुठल्याही दह्यात दिसतात तसेच. पुडी नाही, तर त्यातला एकही तो नव्हे. ती तसं स्पष्ट सांगायची. जे दिसलं तेच सांगायची तिची सवय होती. बाया मान डोलवायच्या, वाटी पदराखाली घ्यायच्या आणि घरी जाऊन त्याचंच दही लावायच्या.

सारिकाही लावायची. शलाका तिला काही म्हणत नसे.

त्या दिवशी भोंगा वाजून बराच वेळ झाला होता, ऊन उतरलं होतं. धैर्यशीलला उशीला टेकवून बसवलं आणि शलाकानं वाटी त्याच्या हातात दिली. त्याची बोटं सुजून गुळगुळीत झाली होती. त्यानं दोन चमचे खाल्ले.

"झकास लागलंय," तो म्हणाला. "साधं दही बी वाईट न्हाई, आक्का."

त्याला माहीत होतं. तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. तो खात राहिला, वाटी बोटानं पुसून घेतली, आणि माठाकडे बघितलं. तिनं फुलपात्र भरलं, काठोकाठ भरायचा धीर झाला नाही. तो घोट घोट, तोंडात घोळवत प्यायला, आणि रिकामं फुलपात्र त्यानं तिच्याकडे परत दिलं. आणखी मागितलं नाही. त्यानं मागितलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

"बाई," मागच्या दारातून हाक आली. शालनकाकी. कितीतरी दिवसांनी आल्या होत्या. हातात वाटी.

"विरजण हाय का गं? माझं नासलं."

"काकी, आता तुम्हाला कशाला..." तात्या गेले, हे शब्द शलाकाच्या तोंडून निघेनात.

"प्रसादला लावायचंय." प्रसाद त्यांचा मुलगा, वर्षापूर्वी माळावर पट्ट्या पुसायला लागलेला. "कालपास्नं पाय सुजल्यासारखं दिसत्यात त्याचं. जरासंच. त्यो म्हणतोय बूट घट्ट हायती." काकींनी वाटी पुढे केली आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. "तुमच्यात हाय न्हवं गं अजून? जित्तं?"

शलाकानं तोंड उघडलं. काय दिसतं ते ती सगळ्यांना सांगत आली होती. प्रसादला आजच साताऱ्याला न्या, ते काम सोडवा, असंही तिला सांगायचं होतं, आणि काम सुटलं तर ते खाणार काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"हाय काकी," आतून धैर्यशील म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण त्यानं तो ओढून मोठा केला. "आमच्यात हाय. न्या बिनघोर."

काकींचा चेहरा उजळला. शलाकानं त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. ती आत गेली, गाडग्यातून चमचाभर विरजण काढलं आणि वाटीत घातलं. मग आणखी एक चमचा घातला.

"जा काकी," ती म्हणाली, "दिवे लागायच्या आत घेऊन जा."